मोह आणि निष्ठा : इजिप्तच्या वाळवंटातील ख्रिस्ती तपस्वी



मत्तयकृत शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायात एका धनवान तरुणाची हकीकत आली आहे. सार्वकालिक जीवन मिळावे म्हणून काय करावे, असा प्रश्न घेऊन तो येशू ख्रिस्ताकडे येतो. देवाच्या आज्ञा पाळाव्यात, असे उत्तर त्यास मिळते. त्या तर आपण पाळीतच आलो आहोत, मग उणे ते काय, असे तो पुन्हा विचारतो. तेव्हा जवळ असेल नसेल ते विकून गोरगरिबांस वाटून टाकावे आणि आपल्यामागे यावे, असे त्याला सांगितले जाते. तरुण खिन्न मनाने परत फिरतो. कारण त्याची मालमत्ता फार मोठी होती. पुढे त्याचे काय झाले, याविषयी शुभवर्तमान मौन पाळते.

या हकीकतीत ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, हा तरुण दुराचारी नव्हता. चोरी, व्यभिचार, खोटी साक्ष यांपैकी कशाचाही डाग त्याच्यावर नव्हता. तो नास्तिकही नव्हता. उलट देवाच्या शोधात आपण होऊन आलेला होता. त्याची वाट अडविली ती चारचौघांत मानाची समजल्या जाणाऱ्या गोष्टीने. ख्रिस्ती जीवनातील मोहाचा प्रश्न खऱ्या अर्थाने अवघड होतो तो येथे. मद्य, द्यूत यांच्या मोहाविरुद्ध उपदेश करणे सोपे असते, आणि असा उपदेश ऐकणाऱ्यास आपल्या शेजाऱ्याची आठवण होत असल्याने तो फारसा टोचतही नाही. परंतु मुलाबाळांची सोय, म्हातारपणाची तरतूद, समाजातील पत यांना मोह म्हणावयाचे की कर्तव्य? इसवी सनाच्या तिसऱ्या आणि चौथ्या शतकांत इजिप्त देशात हा प्रश्न ज्या तीव्रतेने विचारला गेला, तितक्या तीव्रतेने तो नंतर क्वचितच विचारला गेला असेल.

आरंभी अलेक्झांड्रियाकडे वळू. इ. स. २०० च्या सुमारास या संपन्न बंदरात क्लेमेंट नावाचा विद्वान ख्रिस्ती आचार्य शिकवीत असे. त्याच्या श्रोत्यांत व्यापारी होते, जमीनदार होते. धनवान तरुणाची ही हकीकत ऐकून त्यांच्या पोटात गोळा उठत असे. आपल्याला तारणाची आशाच नाही, अशी त्यांची समजूत होऊ लागली होती. त्यांच्यासाठी क्लेमेंटने एक प्रवचनवजा ग्रंथ लिहिला. त्याचा युक्तिवाद थोडक्यात असा की, धन हे हत्यारासारखे आहे. ते आपण होऊन चांगले नाही आणि वाईटही नाही. टाकावयाची आहे ती धनाची आसक्ती. घरदार सोडून गेलेल्या माणसाच्या मनात धनाची लालसा शिल्लक राहिली, तर त्याने धनही गमावले आणि लालसाही गेली नाही. शिवाय सर्वच जण निष्कांचन झाले, तर भुकेल्याला अन्न आणि उघड्याला वस्त्र देणार कोण?

हा युक्तिवाद खोडून काढणे सोपे नाही. आपल्याकडील जनकराजाच्या अनासक्तीची परंपरा ज्यांना परिचयाची आहे त्यांना तर तो चटकन पटेल. परंतु त्यात एक धोका आहे. आपण आसक्त नाही, असे स्वतःला पटवून देणे मनुष्याला फार सोपे जाते. आणि तिजोरी जितकी भरलेली तितके ते अधिकच सोपे जाते. क्लेमेंटला हे कळत नव्हते असे नाही. त्याने धनिकांना सल्ला दिला आहे की, तुमची भीडभाड न ठेवता तुम्हांस बोलेल असा एखादा देवभक्त माणूस जवळ बाळगा आणि त्याचा धाक माना. त्याच्या युक्तिवादाचा आधार पुढे पुष्कळांनी घेतला. या सल्ल्याची आठवण मात्र थोड्यांनीच ठेवली.

सुमारे सत्तर वर्षांनंतर हीच हकीकत त्याच देशातील एका खेड्याच्या चर्चमध्ये वाचली जात होती. ऐकणारा अठरा-वीस वर्षांचा तरुण होता. त्याचे नाव अँटनी. मध्य इजिप्तमधील कोमा या गावी इ. स. २५१ च्या सुमारास एका सधन शेतकरी कुटुंबात तो जन्मला. आईवडील नुकतेच वारले होते. घरी एक धाकटी बहीण तेवढी होती. नाईलकाठची तीनशे अरूरा, म्हणजे सुमारे दोनशे एकर, सुपीक जमीन त्याच्या नावे झाली होती. शुभवर्तमानातील ते शब्द आपल्याच नावाने उच्चारले गेले, असे त्याला वाटले. चर्चमधून बाहेर पडून त्याने जमीन गावकऱ्यांस देऊन टाकली, चीजवस्तू विकून पैसा गरिबांत वाटला आणि बहिणीपुरते थोडेसे मागे ठेवले. पुढे एके दिवशी उद्याची चिंता करू नये हे वचन कानी पडले, तेव्हा तेही वाटून टाकले आणि बहिणीला ओळखीच्या व्रतस्थ कुमारिकांच्या स्वाधीन केले. या बहिणीचे मत कोणी विचारल्याची नोंद नाही. चरित्रकार एवढेच सांगतो की, पुष्कळ वर्षांनी अँटनीची तिच्याशी भेट झाली तेव्हा ती वृद्ध झाली होती आणि इतर कुमारिकांना मार्गदर्शन करीत होती.

हा चरित्रकार म्हणजे अलेक्झांड्रियाचा बिशप अथानेशियस. इ. स. ३५६ मध्ये अँटनी मरण पावला आणि त्यानंतर थोड्याच काळात अथानेशियसने त्याचे चरित्र लिहिले. त्या चरित्रातील सैतानांच्या झुंडी, हिंस्र श्वापदांची रूपे, मारहाण यांनी युरोपातील चित्रकारांना शतकानुशतके विषय पुरविले. मात्र अँटनीसमोर प्रथम कोणते मोह उभे राहिले, हे पाहू गेल्यास त्या यादीत भयंकर असे काहीच आढळत नाही. सोडून दिलेल्या जमिनीची आठवण, बहिणीची काळजी, आप्तांची ओढ, पैसा, नावलौकिक, चांगलेचुंगले खाणे, आणि पुढे आयुष्य किती लांब आहे व देह किती दुबळा आहे हा विचार. शृंगाराची मोहिनी त्यानंतर येते आणि अक्राळविक्राळ भुते तर त्याहूनही मागाहून. क्रम अर्थपूर्ण आहे. संसार हा प्रथम संसाराच्याच रूपात आडवा येतो. मराठीत हा शब्द मोठा समर्पक आहे. त्यात भवचक्रही आले आणि चूल, भांडीकुंडी, मुलेबाळेही आली.

एका थडग्यात कोंडून घेऊन त्याने तप केले. तेथे सैतानांच्या मारहाणीने तो अर्धमेला झाला, असे चरित्रात म्हटले आहे. शेवटी छत फाटून प्रकाश आत आला आणि वेदना थांबल्या. तेव्हा अँटनीने जो प्रश्न विचारला, तो कोणाही दुःखी भाविकाच्या तोंडी शोभावा असा आहे: इतका वेळ आपण कोठे होता? आरंभीच का आला नाही? उत्तर मिळाले की, मी येथेच होतो. तुझी झुंज पाहत होतो. यानंतर वयाच्या पस्तिसाव्या वर्षी नाईल ओलांडून एका ओसाड गढीत तो वीस वर्षे राहिला. तो बाहेर आला तेव्हा लोकांना वाटले होते, काहीतरी सापळा पाहावयास मिळणार. प्रत्यक्षात त्याची प्रकृती उत्तम होती, शरीर सुटलेले नव्हते की वाळलेले नव्हते, आणि गर्दी पाहून तो गांगरला नाही की हुरळूनही गेला नाही.

अँटनीच्या हयातीतच जगाचा रंग पालटला होता. इ. स. ३१३ मध्ये ख्रिस्ती धर्माला रोमन साम्राज्यात मोकळीक मिळाली आणि इ. स. ३८० मध्ये सम्राट थिओडोशियसने तो राजधर्म ठरविला. ज्या धर्मासाठी काल प्राण द्यावे लागत, त्याच धर्मामुळे आता सरकारी नोकरीत बढती मिळू लागली. पूर्वी निष्ठेची परीक्षा राजाचा शिपाई घेत असे. आता ती घेणारे कोणी उरले नाही. रक्त सांडून साक्ष देण्याची संधी गेल्यावर रोजच्या जगण्यातून ती कशी द्यावी, हा प्रश्न घेऊन शेकडो आणि मग हजारो स्त्री-पुरुष वाळवंटाची वाट धरू लागले.

अर्थात, सगळेच देवाच्या ओढीने गेले असे मानणे भाबडेपणाचे होईल. एकांतात जाणे या अर्थाचा जो ग्रीक शब्द या तपस्व्यांना लावला गेला, तोच शब्द इजिप्तमधील पपायरसवरच्या सरकारी कागदपत्रांत कराच्या ओझ्याने गाव सोडून पळालेल्या शेतकऱ्यांसाठीही येतो. सम्राट वालेन्सच्या कारकिर्दीत, म्हणजे ३६४ ते ३७८ या काळात, नागरी कर्तव्ये चुकविण्यासाठी वैराग्याचा आव आणणाऱ्यांना ओढून परत आणण्याचा कायदा करावा लागला होता. अंगाला राख फासून कर्जदारापासून तोंड लपविणारे गोसावी ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना याचे नवल वाटणार नाही.

वाळवंटातील जीवन कसे होते? इ. स. ३२० च्या सुमारास पकोमियस नावाच्या माजी शिपायाने वरच्या इजिप्तमध्ये ताबेन्निसी येथे सामुदायिक मठ स्थापला आणि त्यास नियम घालून दिले. उत्तरेकडे नित्रिया, केल्लिया आणि स्केटिस येथे मात्र बहुतेक तपस्वी स्वतंत्र झोपड्यांत राहत आणि शनिवार-रविवारी उपासनेसाठी एकत्र येत. वडीलधाऱ्या तपस्व्यास ते 'अब्बा', म्हणजे बाबा, आणि स्त्री-तपस्विनीस 'अम्मा' म्हणत. ताडाच्या पात्यांच्या दोऱ्या, चटया, टोपल्या विणाव्यात आणि त्या विकून पोट भरावे, हा नित्यक्रम. सुगीच्या दिवसांत पुष्कळ जण नाईलच्या खोऱ्यात मजुरीने पिकांच्या कापणीस जात. रोजचा आहार म्हणजे कडक भाजलेले दोन पाव. दोन्ही मिळून वजन जेमतेम एक रोमन पौंड, म्हणजे सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास. भिक्षेवर जगणे त्यांना मान्य नव्हते. ठेंगणा योहान नावाच्या एका तपस्व्याची गोष्ट सांगतात. तरुणपणी त्याने थोरल्या भावास सांगितले की, आपण आता देवदूतांप्रमाणे काम न करता अखंड भजन करणार. आणि अंगावरचे वस्त्र टाकून तो रानात गेला. आठवड्याने परत येऊन दार ठोठावू लागला. आतून भाऊ म्हणाला, योहान तर देवदूत झाला, तो आता माणसांत नाही. रात्रभर बाहेर राहिल्यावर सकाळी दार उघडले आणि भावाने बजावले की, तू माणूस आहेस, तेव्हा खावयाचे असेल तर काम केले पाहिजे.

मोहांचे शास्त्र ज्याने रचले तो इव्हॅग्रियस मात्र शेतकरी नव्हता. पोंतस प्रांतात इ. स. ३४५ च्या सुमारास जन्मलेला हा बुद्धिमान तरुण राजधानी कॉन्स्टँटिनोपलमध्ये धर्मवादात नाव मिळवून होता. तेथे एका बड्या अधिकाऱ्याच्या पत्नीवर त्याचे मन जडले, आणि तिचेही त्याच्यावर. एका रात्री स्वप्नात त्याने शहर सोडण्याची शपथ घेतली आणि जागा झाल्यावर ती पाळली. जेरुसलेमला पोचल्यावर पुन्हा झकपक कपडे आणि ऐटीचे राहणे सुरू झाले. मग दीर्घ आजार आला. मेलानिया नावाच्या थोर रोमन विधवेपाशी त्याने मन मोकळे केले आणि तिच्या सांगण्यावरून तो इजिप्तच्या वाळवंटात गेला. तेथे पोथ्यांच्या नकला करून पोटापुरते मिळवीत, इ. स. ३९९ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो राहिला.

मनुष्यास देवापासून दूर नेणारे विचार त्याने आठ सांगितले आहेत: जिव्हालौल्य, कामवासना, द्रव्यलोभ, खिन्नता, क्रोध, उबग, लोकेषणा आणि गर्व. आपल्या षड्रिपूंशी यांपैकी काहींचे सरळ नाते आहे. परंतु खिन्नता आणि उबग यांस आपल्या यादीत स्थान नाही, आणि मत्सर त्याच्या यादीत नाही. त्याने यांना पापे न म्हणता 'विचार' म्हटले, हे विशेष. ते मनात यावेत की न यावेत, हे आपल्या हाती नसते. त्यांनी तेथे ठाण मांडावे की नाही, एवढेच आपल्या हाती असते. पोईमेन नावाच्या अब्बांकडे एक जण मनातील विचारांची तक्रार घेऊन आला, तेव्हा त्यांनी त्यास अंगरख्यात वारा धरून ठेवावयास सांगितले. ते जमत नाही म्हटल्यावर, मग विचार येणे थांबविणेही जमणार नाही. त्यांना विरोध करणे तेवढे तुझे काम, असे ते म्हणाले. हीच यादी कॅशियन याने इ. स. ४१५ च्या सुमारास मार्सेय येथे नेली आणि सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप पहिला ग्रेगरी याने तिची फेरमांडणी केली. पाश्चात्त्य जगातील सुप्रसिद्ध सात पापांचा उगम हा असा आहे.

उबगाचे इव्हॅग्रियसने केलेले वर्णन वाचताना कचेरीत बसलेल्या कोणाही माणसास ओळख पटावी. हा मोह सकाळी दहाच्या सुमारास येतो आणि दुपारी दोनपर्यंत छळतो. सूर्य जागचा हलत नाहीसे वाटते. जेवणाची वेळ तीनची; ती किती दूर आहे, हे पाहण्यास मनुष्य पुन्हा पुन्हा खिडकीकडे जातो. मग जागा नकोशी होते, काम नकोसे होते. येथील बांधवांत माया उरली नाही, असे वाटू लागते. दुसरीकडे गेलो तर काम सोपे असेल, आणि देव काय सर्वत्रच आहे, असा शहाणपणाचा विचारही सुचतो. यावर अँटनीला जो उपाय दाखविला गेला असे सांगतात, तो अगदी साधा आहे. त्याने आपल्यासारखाच एक मनुष्य पाहिला: बसून दोरी वळणारा, मग उठून प्रार्थना करणारा, पुन्हा बसून दोरी वळणारा. तो देवदूत होता. दुसरे काहीही त्याने केले नाही.

द्रव्यलोभाविषयी मात्र अधिक थांबून विचार केला पाहिजे. कारण धनवान तरुणाच्या हकीकतीचे मर्म तेथेच आहे. ज्याच्यापाशी दोन पाव आणि एक चटई आहे त्याला द्रव्याचा कसला लोभ? इव्हॅग्रियस सांगतो की, हा विचार चैनीचे चित्र दाखवीतच नाही. तो लांबलचक म्हातारपण दाखवितो. काम न होणारे हात, येऊ घातलेला दुष्काळ, आजारपण, आणि दुसऱ्यापुढे हात पसरण्याची लाज दाखवितो. यांपैकी एकही भीती खोटी नाही. म्हणूनच हा मोह ओळखणे कठीण. कॅशियनने आणखी एक नमुना नोंदविला आहे. मोठमोठ्या इस्टेटी, सोनेचांदी सोडून आलेली माणसे एखादा चाकू, लेखणी, सुई यांवरून रागाने लाल होत. पोथीला कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे. लंगोटी उंदरांनी कुरतडू नये म्हणून मांजर पाळणारा, मांजराला दूध हवे म्हणून गाय घेणारा आणि अखेर घरसंसार थाटून बसलेला बैरागी आपल्या लोककथेत आहे. तो नाईलकाठीही होता, एवढाच याचा अर्थ.

नित्रिया येथील एक प्रसंग जेरोमने आपल्या पत्रात लिहून ठेवला आहे. तेथील एक तपस्वी मरण पावला तेव्हा त्याच्या झोपडीत शंभर सुवर्णनाणी निघाली. त्या काळच्या नाण्याचे वजन साडेचार ग्रॅमच्या आसपास होते. म्हणजे हे सोने सुमारे साडेचारशे ग्रॅम झाले. ते त्याने चोरले नव्हते. ताग विणून, पै पै जोडून ते साठविले होते. जेरोमही म्हणतो की, यात लोभापेक्षा काटकसरच अधिक होती. आता या पैशाचे काय करावे, यावर विचार करण्यास सारे जमले. कोणी म्हणाले, गरिबांस द्यावा. कोणी म्हणाले, चर्चला. कोणी, त्याच्या आईबापांकडे पाठवावा असे सुचविले. मकॅरियस, पाम्बो, इसिदोर आदी वडीलधाऱ्यांनी निर्णय दिला की, पैसा त्याच्याबरोबरच पुरावा. तसे केले गेले, आणि इजिप्तभर अशी दहशत बसली की, एक नाणे मागे ठेवणे हाही अपराध मानला जाऊ लागला.

हा निर्णय कठोर होता, असेच म्हणावे लागेल. साडेचारशे ग्रॅम सोन्यात कितीतरी भुकेली तोंडे भरली असती. क्लेमेंटने येथे निश्चित हरकत घेतली असती. आईबापांकडे पाठविण्याच्या सूचनेत तर साधी माणुसकी होती. परंतु वडीलधाऱ्यांची दृष्टीही समजून घेतली पाहिजे. तो पैसा धर्मकार्यास लागला असता, तर उद्या प्रत्येकास साठविण्यास धार्मिक कारण मिळाले असते. मोह येतो तो बहुधा सत्कार्याचे बोट धरून, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

याच पाम्बोची दुसरी एक हकीकत पॅलेडियसने सांगितली आहे. मेलानिया, म्हणजे जिच्या सल्ल्याने इव्हॅग्रियस पुढे वाळवंटात आला तीच, तीनशे पौंड चांदी घेऊन पाम्बोकडे आली. आजच्या मापाने जवळजवळ शंभर किलो. पाम्बो पाती विणीत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. देव तुझे भले करो, एवढे म्हणून त्यांनी कारभाऱ्यास ती चांदी लिबिया आणि बेटे येथील अधिक गरीब बांधवांस पाठविण्यास सांगितले. मेलानिया उभीच राहिली. काही कौतुकाचा शब्द येईल अशी तिची अपेक्षा होती. शेवटी तिने आठवण दिली की, ही तीनशे पौंड आहे. त्यावर त्यांचे उत्तर असे की, ज्याला ही अर्पण केलीस त्याला वजन सांगण्याची गरज नाही. मला दिली असतीस, तर सांगणे योग्य होते. ही गोष्ट पॅलेडियसला स्वतः मेलानियाने सांगितली होती. आपलीच फजिती तिने पुढच्या पिढीच्या हाती दिली, यात तिचे मोठेपण दिसते.

लोकेषणेला म्हणूनच या लोकांनी सर्वांत चिवट मानले. कॅशियनने तिला कांद्याची उपमा दिली आहे; एक पापुद्रा काढावा तो खाली दुसरा. भरजरी वस्त्राने ती आली नाही तर फाटक्या वस्त्राने येते. उत्तम बोलण्याने आली नाही तर मौनाने येते. तपस्व्याने स्त्रिया आणि बिशप या दोघांपासून पळावे, अशी एक जुनी म्हण तो देतो. बिशप अशासाठी की, तो धर्माधिकाराच्या पदावर बसवील. अम्मोनियस नावाच्या तपस्व्याला बिशप करण्यासाठी लोक न्यावयास आले, तेव्हा त्याने आपला कान कापून टाकला. तरी ऐकेनात, म्हणून जीभ कापण्याची धमकी दिली. हा अतिरेकच. सम्राट कॉन्स्टँटाईन आणि त्याच्या मुलांची पत्रे आली तेव्हा अँटनीने जे केले ते अधिक प्रौढ वाटते. राजा हाही माणूसच, त्याने पत्र लिहिले यात नवल ते काय, असे तो शिष्यांस म्हणाला. पण पत्रे वाचून घेतली, आणि न्यायाने वागावे, गरिबांकडे पाहावे, असे उत्तरही पाठविले.

आता मूळ प्रश्नाकडे यावयास हवे. देवनिष्ठा टिकवावयाची तर जग सोडलेच पाहिजे काय? गंमत अशी की, याचे नकारार्थी उत्तर खुद्द वाळवंटानेच दिले आहे. अँटनीला एकदा कळविण्यात आले की, शहरात त्याच्या तोडीचा एक मनुष्य आहे. तो वैद्य होता. पोटापुरते ठेवून उरलेले तो गरजूंस देत असे आणि दिवसभर देवाचे स्तवन करीत असे. अम्मा सिंक्लेटिका हिनेही म्हटले आहे की, डोंगरावर राहून शहरी थाटाने वागणारे पुष्कळ आहेत, आणि गर्दीत राहून मनाने एकांतात असणेही शक्य आहे.

पण सर्वांत हृद्य गोष्ट आहे ती मकॅरियसची. वाळवंटात वर्षानुवर्षे तप केलेल्या या वृद्धास एके दिवशी प्रार्थनेच्या वेळी आवाज ऐकू आला की, अमुक शहरातील दोन स्त्रियांच्या योग्यतेस तू अजून पोचलेला नाहीस. काठी घेऊन म्हातारा निघाला. पत्ता काढीत घरी पोचला, दोघींना जवळ बसवून त्यांच्या साधनेविषयी विचारू लागला. त्या संकोचल्या. आम्ही संसारी बायका, आमची कसली साधना, असे म्हणू लागल्या. फार आग्रह केल्यावर त्यांनी सांगितले. त्या एकमेकींच्या नात्यातल्या नव्हत्या. दोन सख्ख्या भावांशी लग्न होऊन एका घरात आल्या होत्या. या गोष्टीला पंधरा वर्षे झाली. या पंधरा वर्षांत त्या एकमेकींशी भांडल्या नाहीत, वाईट शब्द बोलल्या नाहीत. व्रतस्थ स्त्रियांत जावे असे दोघींच्याही मनात होते. नवऱ्यांनी परवानगी दिली नाही. तेव्हा मरेपर्यंत तोंडातून ओछा शब्द काढावयाचा नाही, असा नेम त्यांनी देवासमोर केला.

एका छपराखाली, एका चुलीवर, पंधरा वर्षे दोन जावा भांडल्याशिवाय राहिल्या, ही गोष्ट अँटनीच्या वीस वर्षांच्या गढीपेक्षा कमी अवघड आहे असे एकत्र कुटुंबात वाढलेला कोणताही श्रोता म्हणणार नाही. येथे आणखी एक फरक लक्षात येतो. अँटनीने आपला मार्ग आपण निवडला होता. या दोघींना निवडीची मोकळीक नव्हती. हवे असलेले मिळाले नाही, तेव्हा मिळालेल्या स्थितीतच त्यांनी आपली निष्ठा रुजविली, आणि ती कोठे, तर जिभेवर, जेथे घरातील रोजचे शंभर मोह येऊन बसतात. मकॅरियसने यावर काढलेला निष्कर्ष असा की, कुमारी आणि विवाहिता, तपस्वी आणि संसारी असा भेद देवापाशी नाही. तो प्रत्येकाचा मनोनिश्चय पाहून आपला आत्मा देतो. एवढे बोलून तो स्केटिसला परत गेला. त्याने शहरात राहावयाचे ठरविले नाही, आणि त्या दोघींनाही वाळवंटात चला असे म्हटले नाही.

इ. स. ४०७ च्या सुमारास स्केटिसवर टोळ्यांचे हल्ले झाले, पुष्कळ तपस्वी मारले गेले, उरलेले पांगले. तरीही ती वस्ती पूर्ण उजाड झाली नाही. आज वादी नत्रून म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या खोलगट भागात चार कॉप्टिक मठ नांदते आहेत. त्यांतील मकॅरियसच्या मठात एके काळी मोजकेच वृद्ध तपस्वी उरले होते. इ. स. १९६९ मध्ये मत्ता अल्-मिस्कीन हे आपल्या बारा सोबत्यांसह तेथे राहावयास आले आणि मठाला पुन्हा चैतन्य लाभले. भोवतालच्या वाळूत शेती उभी राहिली. कैरोहून अलेक्झांड्रियाकडे जाणारा हमरस्ता आता मठांजवळूनच जातो, आणि सणासुदीला शहरातील कुटुंबे मुलाबाळांसह दर्शनास येतात. उपवासाच्या काळात मात्र यांपैकी काही मठांचे दरवाजे पाहुण्यांसाठी बंद असतात.